पाठीवरचे बिऱ्हाड भुईवर कसे उतरेल?

(गोडादरा, सुरत येथील मराठी रहिवाशांच्या सभेत झालेल्या भाषणाचा हा मजकूर. घराचा प्रश्न सीमाभागातील गावागावांत असल्यामुळे तो येथे देत आहोत.)



बेळगावच्या माणसाने सुरतेस येऊन घरांवर बोलावे, याचे आपणांपैकी कित्येकांस नवल वाटले असेल. सीमाभागातला माणूस बोलावयास उभा राहिला म्हणजे तो सीमेवरच बोलणार, अशी सर्वत्र समजूत आहे. आणि ती फारशी खोटीही नाही. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हापासून आमच्या दोन पिढ्या एकाच मागणीच्या पाठीमागे चालत आल्या. परंतु आपणांस विलीनीकरणाचा मंत्र देण्यासाठी मी आलेलो नाही. सुरत गुजरातची आहे आणि गुजरातचीच राहील. तिच्या एका विटेवरही आमचा दावा नाही. आपण येथे आलात ते भाकरीसाठी. भाकरी मिळाली. त्या भाकरीवर छप्पर मिळाले काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

येताना मी जळगावाहून उधन्याच्या गाडीत बसलो. धरणगाव, अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार अशी स्थानके मागे पडत गेली आणि नवापूर आले. आपणांस ते स्थानक ठाऊकच आहे. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. फलाटावरच्या एकाच बाकावर बसलेली दोन माणसे दोन राज्यांत बसलेली असतात. आमच्याकडे सीमारेषेवरून रक्त सांडले. येथे त्याच रेषेवर प्रवासी शिदोरी सोडून बसतो. डब्यात माझ्या समोर एक कुटुंब होते. पत्र्याची पेटी, गव्हाचे पोते, लोणच्याची बरणी आणि गादीची वळकटी. त्या घरच्या म्हातारीला मी विचारले, ‘आजी, गाव कोणते?’ तिने अमळनेरकडचे एक खेडे सांगितले. ‘आणि घर कोठे?’ यावर ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘गाव तिकडे, रोजी इकडे, घर अजून व्हायचे आहे.’ वीस वर्षे सुरतेत राहिलेल्या बाईचे हे उत्तर होते.

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ असे आपण म्हणतो. विंचवास ते निसर्गाने दिले. माणसाच्या पाठीवर ते कोणी दिले आणि ते भुईवर कसे उतरावे, याचा विचार करण्यासाठी आपण जमलो आहोत.

दहा बाय दहाची खोली

काल सायंकाळी मी येथल्या गल्ल्यांतून हिंडलो. उधना, लिंबायत, डिंडोली, पर्वत पाटिया आणि हे गोडादरा, या पट्ट्यात खानदेशाची अहिराणी कानी पडते, तशीच उत्तर प्रदेशची, बिहारची, ओडिशाची बोली कानी पडते. कालपरवापर्यंत येथे शेते होती. सुरत महानगरपालिकेची हद्द 2006 साली 112 चौरस किलोमीटरांवरून 326 पर्यंत गेली आणि 2020 साली ती पुन्हा वाढली. 2011 च्या जनगणनेतच शहराची लोकसंख्या पंचेचाळीस लाखांच्या घरात होती. एवढी माणसे आली, कारण लूम चालवावयास, डाइंगच्या गिरणीत कापड रंगवावयास, रिंगरोडच्या बाजारात गठ्ठे वाहावयास हात हवे होते. हात बोलावले, हातांबरोबर माणूस येतो, त्याची बायको येते, लेकरे येतात, याचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

एका दहा बाय दहाच्या खोलीत मी चहा घेतला. दोन भाऊ, दोघांच्या बायका, तीन मुले. थोरला दिवसपाळीस जातो, धाकटा रात्रपाळीस. एक उठतो तेव्हा दुसरा त्याच अंथरुणावर आडवा होतो. कोपऱ्यात घरची सून साड्यांवर टिकल्या लावीत बसली होती. साडीस साजेल अशी एक टिकली चुकली तर मजुरी कापली जाते, म्हणून ती मान वर न करता बोलत होती. तिने मला एक गोष्ट सांगितली, ती मी विसरणार नाही. अकरा महिन्यांनी करार संपतो. भाडे वाढते किंवा खोली बदलते. खोली बदलली की पत्ता बदलतो. पत्ता बदलला की शिधापत्रिका, मतदारयादी, मुलांची शाळा, सारे पुन्हा मुळापासून. आणि कित्येक घरमालक भाडेकरार करूनच देत नाहीत.

मित्रहो, येथे घराच्या प्रश्नाचे मर्म आहे. घर म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत. सरकारदरबारी माणूस अस्तित्वात आहे याचा तो दाखला होय. ज्याला पत्ता नाही त्याची गणती नाही, ज्याची गणती नाही त्याच्या नावे तरतूद नाही, आणि तरतूद नाही म्हणून त्याला घर नाही. हे चक्र कोठेतरी तोडले पाहिजे.

ही खैरात नव्हे

‘गरिबाला घर सरकारने का द्यावे?’ असा प्रश्न सुखवस्तू माणसे विचारतात. त्यांस प्रथम हे सांगावे की, सरकारी तिजोरी ही काही आकाशातून भरत नाही. साबणाच्या वडीपासून औषधाच्या गोळीपर्यंत जे जे हा कामगार विकत घेतो, त्यावर तो कर भरतो. त्याच्या हातून निघालेले कापड देशभर विकले जाते आणि त्यावरही कर बसतो. तो पैसा परत मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे.

दुसरे असे की, हा कायद्याने मान्य केलेला विचार आहे. भारतात कोठेही राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क संविधानाच्या 19व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकास दिला आहे. मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात गणला. आणि 1996 साली खुद्द गुजरातेतील, अहमदाबाद महापालिकेच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की, निवारा हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे व गरिबांस तो मिळेल अशी व्यवस्था करणे राज्याचे कर्तव्य आहे. रस्ता अडवून बसण्याचा हक्क मात्र कोणास नाही, हेही न्यायालयाने बजावले. दोन्ही गोष्टी आपण लक्षात ठेवाव्या. हक्क सांगणाराने मर्यादाही सांगितली म्हणजे त्याच्या शब्दाला वजन येते.

तिसरी गोष्ट इतिहासाची. 1920 च्या सुमारास मुंबईत गिरणी कामगारांच्या वस्तीची दैना झाली, तेव्हा परक्या सरकारनेसुद्धा हात वर केले नाहीत. त्याने खास खाते काढले, कर्ज उभारले आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गासडीवर एक रुपया जकात बसविली. ज्या कापसाने शहर श्रीमंत झाले त्याच कापसाने कामगाराच्या खोलीचा खर्च उचलावा, हा त्यातला विचार. नायगाव, वरळी, शिवडी आणि डिलाइल रोड येथल्या बीडीडी चाळी त्यातून उभ्या राहिल्या. 50,000 खोल्यांचा संकल्प होता. प्रत्यक्षात 207 चाळी आणि सुमारे 16,000 खोल्या झाल्या. स्वातंत्र्यानंतर 1952 साली केंद्र सरकारने औद्योगिक कामगारांसाठी साहाय्यित गृहनिर्माण योजना काढली. पुढे विडी कामगारांसाठी 1976 साली कल्याणनिधीचा कायदा झाला आणि विडीवरच्या उपकरातून दवाखाने, शिष्यवृत्त्या व घरांसाठी साहाय्य मिळू लागले. विडीच्या बंडलामागे जे होऊ शकले, ते साडीच्या पार्सलामागे का होऊ नये? हा प्रश्न सुरतेच्या कापडबाजारास विनयपूर्वक, परंतु वारंवार विचारला गेला पाहिजे.

पैसा आहे, तो अडतो कोठे?

आज निधी नाही असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरी भाग 25 जून 2015 रोजी सुरू झाला. तिचा दुसरा टप्पा 1 सप्टेंबर 2024 पासून अमलात आला असून पाच वर्षांत शहरांतील 1 कोटी कुटुंबांस साहाय्य देण्याचा आणि त्यासाठी 2.30 लाख कोटी रुपये अनुदान देण्याचा संकल्प आहे. वार्षिक 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या दुर्बल घटकांतील कुटुंबास 30 ते 45 चौरस मीटरचे घर, त्यासाठी केंद्र व राज्य मिळून अडीच लाख रुपयांपर्यंत साहाय्य. कर्ज काढून घर घेणारास व्याजावर पाच हप्त्यांत 1 लाख 80 हजारांपर्यंत अनुदान. आणि प्रथमच ठळकपणे, भाड्याच्या परवडणाऱ्या घरांसाठी स्वतंत्र विभाग. कागदावर हे चित्र समाधानकारक आहे.

मग अडते कोठे? मला चार ठिकाणे दिसतात.

पहिले ठिकाण कागदांचे. उत्पन्नाचा दाखला, वास्तव्याचा पुरावा, बँकेचे खाते. मीटरवर मजुरी घेणारास पगारपत्रक नसते. खोली बदलणारास पत्ता नसतो. व्याजावरचे अनुदान ऐकावयास गोड, पण बँक ज्याला दारात उभा करीत नाही त्याला व्याज कसले आणि अनुदान कसले?

दुसरे ठिकाण नाजूक आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. देशात कोठेही कुटुंबाचे स्वतःचे पक्के घर नसावे, अशी या योजनेची अट आहे. पुष्कळांस भीती वाटते की गावाकडे वडिलांच्या नावाचे घर आहे, म्हणजे आपण बाद. नियमात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुले. वडिलांच्या नावावरचे घर ते वडिलांचे. तेव्हा जे खरे आहे ते न घाबरता लिहावे; परंतु ज्याच्या स्वतःच्या नावावर गावी पक्के घर आहे, त्याने खोटे प्रतिज्ञापत्र करू नये. एकाच्या खोटेपणाने दहा गरजूंचे अर्ज संशयाच्या ढिगात जातात. आणि घर लागल्यावर ते भाड्याने लावून पुन्हा खोलीत राहावयास जाणे, हा तर शेजाऱ्याच्या ताटातला घास होय.

तिसरे ठिकाण जमिनीचे. शहरात घरापेक्षा घराखालची जमीन महाग असते. म्हणून सरकारी साहाय्याचा सर्वांत मोठा भाग रोख रकमेत नसून जमिनीत असतो. गुजरातचा 1976 चा नगररचना कायदा येथे आपल्या उपयोगी पडतो. नगररचना योजना, ज्यास येथे सारे ‘टीपी’ म्हणतात, ती आखताना एकूण क्षेत्राच्या दहा टक्क्यांपर्यंत किंवा त्याच्या जवळपास जमीन सामाजिक व आर्थिक दृष्ट्या मागासलेल्या वर्गांच्या घरांसाठी राखून ठेवण्याची तरतूद त्यात आहे. आपल्या भोवतालच्या टीपीत असे किती भूखंड राखले गेले, त्यांपैकी कितींवर घरे उभी राहिली, कितींवर नुसते गवत उगवले आणि कितींचे प्रयोजन बदलले, याची विचारणा आपणांपैकी कोणी लेखी केली आहे काय? नकाशे सरकारी कचेरीत असतात, माहितीच्या अधिकाराचा कायदा 2005 पासून आहे. आणि अर्ज करावयास पैसे फारसे लागत नाहीत. लागते ती चिकाटी.

चौथे ठिकाण अंतराचे. मुंबईच्या बीडीडी चाळींची गोष्ट मी अर्धीच सांगितली. एवढ्या हौसेने बांधलेल्या वरळीच्या चाळी पुढे कित्येक वर्षे ओस पडल्या होत्या. गिरण्या दूर, भाडे जास्त, आणि खोल्या कोंदट. सुरतेतही हा धडा गिरवला गेला. 2005 साली सुरू झालेल्या नेहरू नागरी नूतनीकरण अभियानात येथे हजारो घरे बांधली गेली. त्यांतली काही रिकामी राहिली. 2020 च्या टाळेबंदीत देशभरचे कामगार बायकामुलांसह गावाच्या वाटेला लागले, तेव्हा सरकारला भाड्याच्या घरांची आठवण झाली आणि त्याच वर्षी परवडणाऱ्या भाडेघरांची योजना निघाली. तीत सुरतेतील अशी 393 रिकामी घरे भाड्यासाठी वळविली गेली. 393 हा आकडा लहान आहे, पण त्याने एक गोष्ट सिद्ध केली: माणसे खोलीवाचून तळमळत असताना सरकारी घरे रिकामी राहू शकतात, कारण ती कामाच्या वाटेवर नसतात. रात्रपाळी सुटल्यावर ज्या घरी पायी पोहोचता येत नाही, ते घर कामगाराच्या दृष्टीने परगावीच आहे.

सोलापूरने काय केले?

आता कोणी म्हणेल, हे सारे सांगावयास ठीक, पण आजवर कामगारांनी सरकारकडून घरे मिळविली आहेत काय? मिळविली आहेत, आणि तीही आपल्यासारख्याच माणसांनी. सोलापूर हे आपल्या सुरतेप्रमाणे मागांचे शहर. तेथे विडी वळणाऱ्या बायका दिवसाला शेकड्यांनी विड्या वळून पोट भरीत. त्यांतील बहुसंख्य तेलुगु घरांतल्या. कामगार पुढारी आणि माजी आमदार नरसय्या आडम, ज्यांना सोलापूर ‘आडम मास्तर’ म्हणून ओळखते, त्यांनी या बायकांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. गोदूताई परुळेकरांचे नाव तिला दिले. अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीस जमीन घेतली. घराच्या खर्चाचा हिशेब साधारण असा होता: 20,000 रुपये केंद्राने, 20,000 राज्याने आणि 20,000 स्वतः कामगार बाईने द्यावयाचे. पै पै साठवून त्यांनी आपला वाटा भरला आणि सरकारच्या वाट्यासाठी मोर्चे काढले. 2006 साली 10,000 घरे उभी राहिली.

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्याच कुंभारीस ‘रे नगर’ या नावाने 30,000 घरांचा संकल्प सोडला. यंत्रमाग कामगार, विडी कामगार, कचरा वेचणारे, गाडीचालक अशा असंघटितांसाठी ही वसाहत. प्रधानमंत्री आवास योजनेतून साहाय्य मिळविले. 9 जानेवारी 2019 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि 19 जानेवारी 2024 रोजी पहिली 15,000 घरे कामगारांच्या हाती आली. ज्या पक्षाचे सरकार, त्या पक्षाचे हे पुढारी नव्हेत. 2006 साली दिल्लीत एक पक्ष, 2024 साली दुसरा. दोघांकडूनही घरे घेतली. याचे रहस्य एवढेच की मागणाऱ्यांची यादी तयार होती, त्यांचा वाटा तयार होता, जमीन हाती होती आणि पाठीमागे हजारो बायका उभ्या होत्या. सरकारला ‘आम्हांस घर द्या’ असे मोघम सांगितले तर सरकार मोघम उत्तर देते. ‘ही यादी, ही जमीन, हा आमचा वाटा, आता तुमचा द्या’ असे सांगितले म्हणजे त्याला ‘होय’ किंवा ‘नाही’ यांपैकी एक बोलावेच लागते.

सोलापूरचे सारे निर्दोष होते असे मी म्हणत नाही. गावापासून दूर वसल्यामुळे बस, पाणी, दवाखाना यांसाठी त्यांना पुन्हा झगडावे लागले. पण झगडावयास पायाखाली स्वतःची भुई होती, हा फरक लहान नाही.

आपण काय करावे?

तेव्हा माझ्या अल्प मतीप्रमाणे गोडादऱ्याने चार गोष्टी कराव्या.

आपली मोजणी आपणच करावी. कोणत्या गल्लीत किती बिऱ्हाडे भाड्याने राहतात, किती वर्षांपासून, भाडे किती, काम कोणते, कागद कोणते आहेत व कोणते नाहीत, याची वही करावी. नव्या जनगणनेचा संदर्भदिन 1 मार्च 2027 असा ठरलेला आहे. गणती करणारा दारी आला तेव्हा ‘आम्ही काय, आज आहोत उद्या नाही’ असे बोलून त्यास परत पाठवू नये.

सहकारी संस्था स्थापावी आणि तीत भाषेची चाळणी लावू नये. खानदेशी, ओडिया, भोजपुरी, गुजराती, जो कोणी त्या गल्लीत भाडे भरतो तो सभासद. सोलापुरात मराठी पुढाऱ्यांनी तेलुगु बायकांच्या घरांसाठी आणि तेलुगु पुढाऱ्यांनी मराठी कामगारांच्या घरांसाठी घसा कोरडा केला. पाऊस कोणत्या भाषेत गळतो, हे पत्रा विचारीत नाही.

महापालिकेच्या अंदाजपत्रकाकडे डोळा ठेवावा. ते दरवर्षी आर्थिक वर्षाआधी मांडले जाते. त्यात गरिबांच्या घरांसाठी किती रक्कम धरली आणि गेल्या वर्षीची किती खर्ची पडली, हे आपल्या नगरसेवकास लेखी विचारावे. आपल्यांपैकीच मराठी माणसे येथे निवडून गेली आहेत. लिंबायतचा आमदार 2012 पासून मराठी आहे, खासदारही मूळचे जळगाव जिल्ह्याचे. आपला माणूस वर बसला म्हणून काम आपोआप होते, या भ्रमात मात्र राहू नये. मागितल्यावाचून आईसुद्धा वाढत नाही.

आणि चौथी गोष्ट भाषेची. संविधानाच्या 350व्या अनुच्छेदाप्रमाणे गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क आहे. म्हणून ज्या माऊलीला मराठीच लिहिता येते तिने मराठीत लिहावे. ज्याला गुजराती येते त्याने त्याची गुजराती प्रत जोडावी. आपल्या मुलांना गुजराती चांगली येते. ही महापालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. दोन्ही भाषा जाणणारी ती मुले या चळवळीचे कारकून होवोत. यजमानाची भाषा शिकल्याने आपली भाषा कमी होत नाही. घराची नोंद मात्र घरच्या बाईच्या नावे, निदान तिच्यासह करावी. योजनेचाही आग्रह तोच आहे, आणि खोली बदलताना रडलेली असते तीच.

आमच्याकडच्या मंडळींस

हे भाषण उद्या आमच्या गावच्या पत्रात छापले जाईल, म्हणून शेवटचे चार शब्द निपाणी, खानापूर, बेळगाव, कारवार, बिदर, भालकी येथल्या माझ्या घरच्या माणसांसाठी बोलतो. आपण ते शेजारच्या अंगणातून ऐका.

महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात सीमेचा दावा दाखल केला. दोन दशके उलटून गेली. त्या दाव्यावरची आमची श्रद्धा तसूभरही ढळलेली नाही. पण त्या काळात एक सवय आम्हांस लागली आहे, ती घातक आहे: ‘आधी निकाल लागू दे, मग पाहू.’ रस्ता, शाळा, नळ, घर, सारे निकालाच्या खुंटीला टांगून आम्ही बसलो. निपाणीत विडी वळणारी बाई सोलापूरच्या बाईइतकीच राबते. कुंभारीस घर झाले. निपाणीच्या बाईने दाव्याच्या तारखा मोजीत भाड्याच्या खोलीत म्हातारे का व्हावे? महाराष्ट्र सरकारने 2023 साली 865 सीमागावांस आपली आरोग्य योजना लागू केली, तिचे आम्ही स्वागत केले. परंतु औषध सीमेपलीकडून आणता येते, घर आणता येत नाही. घर ज्या जमिनीवर उभे राहावयाचे ती जमीन, ती महापालिका, ते नकाशे आज ज्या राज्याकडे आहेत, त्याच राज्याच्या दारी जाऊन हक्काने घर मागावे लागेल.

असे केल्याने आपला दावा सैल होईल, अशी शंका काही निष्ठावंतांच्या मनात येते. त्यांना माझे सांगणे असे की, कर भरल्याने दावा सैल झाला नाही, मतदान केल्याने झाला नाही, मग घर मागितल्यानेच कसा होईल? उलट ज्याचे गावात पक्के घर आहे, पक्का पत्ता आहे, मतदारयादीत पक्के नाव आहे, त्याचा आवाज अधिक काळ टिकतो. भाडेकरू हाकलला की त्याच्याबरोबर त्याचे मतही गाव सोडते, आणि भाषाही. सीमाभागातून मराठी हटवावयाची असेल तर फलक पुसण्याचीही गरज नाही. मराठी गरिबाला घर न मिळणे पुरेसे आहे.

गोडादऱ्याच्या बंधुभगिनींनो, तुमचा आणि आमचा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही रेषा ओलांडून आलात. आमच्या अंगणातून रेषा ओढली गेली. पण दोघांनाही सरकारी कचेरीत एकच प्रश्न विचारला जातो: ‘तुम्ही येथले काय?’ या प्रश्नाचे उत्तर वादविवादाने देता येत नाही. दाराच्या चौकटीवर आपल्या नावाची पाटी आणि आत पेटलेली चूल, हेच त्याचे उत्तर.

‘घर पाहावे बांधून’ अशी म्हण आपल्या पूर्वजांनी करून ठेवली, ती घर बांधण्याचे कष्ट त्यांना ठाऊक होते म्हणून. एकट्याने बांधावयाचे तर ते कष्ट जन्मभर पुरत नाहीत. दहा हजारांनी मिळून बांधावयाचे तर सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बायकांनाही ते साधले. गाडीतल्या त्या आजीस मी नाव विचारले नाही. पण पुढच्या खेपेस ती मला भेटेल, तेव्हा ‘घर कोठे?’ या प्रश्नावर तिला गप्प बसावे लागू नये, एवढे काम आपण हाती घेऊ या. उद्या सकाळी पहिल्या गल्लीची वही उघडा. पहिले नाव कोणाचे लिहावयाचे, ते टिकल्या लावणाऱ्या त्या सुनेला विचारा. तिला साऱ्या गल्लीची भाडी पाठ आहेत.